फुटबॉल मिळतो, शिकवणाऱ्याचं मानधन मिळत नाही

तुमचा प्रश्न नीट वाचला. कोल्हापुरातल्या राजेंद्रनगरच्या बाजूच्या एका वस्तीत तुम्ही चौघं मित्र वर्षभर संध्याकाळी तीस मुलांना घेऊन बसताय. तीन दिवस फुटबॉल, दोन दिवस चित्रं आणि गोष्टींची पुस्तकं. मुलांचे आईवडील भंगार वेचतात, गवंड्याच्या हाताखाली जातात, धुणीभांडी करतात. आतापर्यंतचा खर्च तुम्ही पगारातून भागवला. आता दोघांना पुण्यात नोकरी लागली आणि उरलेल्या दोघांना हे झेपेना. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: संस्था नोंदवावी का, सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी काढलेले, पैसे मिळतील का, आणि एका कंपनीने फुटबॉलचे तीस किट आणि वाटपाचा कार्यक्रम देऊ केलाय तो स्वीकारावा का.

तिन्हींकडे येतेच. पण आधी अडचण नेमकी कुठे आहे ते पाहू. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून वर्षभरात रोख खर्च फार झालेला दिसत नाही. चेंडू, रंग, वह्या, अधूनमधून केळी. खरा मोठा खर्च झाला तो तुम्हा चौघांच्या संध्याकाळचा, आणि तो कुठल्याच वहीत लिहिलेला नाही. दोघं पुण्याला गेल्यावर जे भगदाड पडलंय ते याच न लिहिलेल्या खर्चाचं आहे. म्हणून आता जो पैसा उभा कराल, तो सगळ्यात आधी रोज साडेपाचला तिथे हजर असणाऱ्या माणसासाठी उभा करा.

मी कोल्हापुरात आणि इचलकरंजीत, यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत, असेच वर्ग बरीच वर्षं चालवते आहे. वस्तू मागितली की लोक लगेच देतात आणि मानधन मागितलं की गप्प होतात, हा अनुभव दर वर्षी येतो. २०१९ च्या महापुरात हे आपण सगळ्यांनी पाहिलं. बाहेरगावांहून ट्रक येत होते, कपड्यांचे ढीग लागले होते. पाणी उतरल्यावर मात्र मुलांना पुन्हा शाळेच्या वाटेला लावायला घरोघर फिरणारी ताई हवी होती, आणि तिला पगार द्यायला कुणी मिळत नव्हतं. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. दिलेली वस्तू डोळ्यांना दिसते, तिचा फोटो निघतो, आणि देणाऱ्याच्या दृष्टीने विषय तिथे संपतो. मानधन मात्र दर महिन्याला नव्याने द्यावं लागतं, आणि त्याचा फोटो निघत नाही.

त्यात आपल्या गावाला आणखी एक सवय आहे, आणि ती अभिमानाचीच आहे. गुणी पोराच्या मागे कोल्हापूर उभं राहतं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे पुरेना, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, वीरधवल खाडे, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ जिंकणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, ही नावं इथल्या पोरासोरांना पाठ आहेत. त्यामुळे देणगी मागायला गेलात की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, "यातलं कोण पुढं जाईल?"

तुमच्या तीस मुलांपैकी बहुतेक कुणी जिल्ह्याच्या संघातही जाणार नाही. त्यांना मिळणार आहे ते वेगळं आहे. अंधार पडायच्या वेळेला ओळखीच्या मोठ्या माणसाबरोबरचे दोन तास, पोटात काहीतरी, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जायला एक कारण. एवढ्यासाठी पैसे मागण्यात काहीही कमीपणा नाही, आणि हे आधी तुम्हाला स्वतःला पटलेलं पाहिजे. पदकाची आशा दाखवून देणगी घेतलीत तर दोन वर्षांनी तोच माणूस पदक कुठं आहे म्हणून विचारतो. मग प्रशिक्षक चार चपळ पोरांवरच लक्ष देऊ लागतो आणि बाकीची सव्वीस मैदानाच्या कडेला चपला सांभाळत बसतात. मी हे एकाहून जास्त ठिकाणी होताना पाहिलंय, आणि कडेला बसलेली पोरंच सगळ्यात आधी यायची बंद होतात.

आता आकडे मांडू. हे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमच्या वस्तीप्रमाणे थोडे वरखाली होतील. आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या फुटबॉल प्रशिक्षकाला महिन्याला ६,००० रुपये. पाचही दिवस येणाऱ्या, हजेरी घेणाऱ्या आणि घरोघर जाणाऱ्या ताईला ७,०००. खाऊ मुलामागे रोज १२ रुपये, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे तीस मुलांचे ७,९२०. साहित्य सरासरी १,५००. लाइट, झाडलोट, फोन मिळून १,०००. बेरीज २३,४२० होते. अकरा महिन्यांचे २,५७,६२०. त्यावर वर्षातून एकदा येणारे खर्च, म्हणजे बूट, एखादी सहल, स्पर्धेची प्रवेश फी, प्रथमोपचार, हिशोबतपासणी यांचे ३०,००० धरा. वर्षाला २,८७,६२० रुपये. बारा महिन्यांत वाटले तर मुलामागे महिन्याला साधारण ८०० रुपये पडले.

ही ८०० ची संख्या तोंडपाठ करा. कुणालाही भेटलात की लाखांच्या आधी ही सांगायची. आणि दर महिन्याच्या खर्चातला निम्म्याहून जास्त भाग माणसांवर आहे हे झाकू नका. काही देणगीदार त्याला कार्यालयीन खर्च म्हणतात. ताई हा कार्यालयीन खर्च नाही. ताई हाच उपक्रम आहे, चेंडू तिच्या हाताखालचं साहित्य आहे. अंदाजपत्रकात तिच्या मानधनापुढे "मुलांसोबतचा वेळ, रोज अडीच तास, वस्तीभेटी धरून" असं सरळ लिहा.

खाऊवरही काटकसर नको. शाळेतला पोषण आहार दुपारी होतो. साडेपाचला मैदानावर आलेलं पोर त्यानंतर काही न खाता आलेलं असतं. शेंगदाणे-गूळ, उकडलेले हरभरे, केळं, राजगिऱ्याचा लाडू, हे आलटूनपालटून चालतं. खाऊ खेळाच्या आधी द्यावा की नंतर, यावर आमच्यात बरेच वाद झाले. आम्ही थोडा आधी, थोडा नंतर देतो. सगळा शेवटी ठेवला तर लहानगी पळताना चक्कर येऊन बसतात.

महिन्याचे तेवीस-चोवीस हजार आणायचे कुठून? माझं ठाम मत आहे की निम्मे तरी छोट्या, दरमहा देणाऱ्या लोकांकडून आले पाहिजेत. चाळीस माणसं, दरमहा ३०० रुपये, झाले १२,०००. म्हणजे प्रशिक्षक आणि ताई यांचं मानधन जवळजवळ निघालं. तुमच्या कंपनीतले सहकारी, शाळेच्या वर्गातले मित्र, बहिणीच्या सोसायटीतले लोक, ओळखीचे डॉक्टर. एकदम ३,६०० मागू नका, बँकेतून किंवा यूपीआयवरून दरमहा आपोआप जातील अशी सोय करून घ्या. चाळीसातले चार गळाले तरी वर्ग चालू राहतो. एकच मोठा देणगीदार असेल आणि त्याचा धंदा मंदावला, तर ताईला एका दिवसात घरी बसवावं लागतं. या चाळीस जणांना महिन्यातून एकदा अर्ध्या पानाचं पत्र पाठवा: किती मुलं आली, किती गळाली, का गळाली, पैसे कशावर गेले. गळालेल्यांचं लिहिणं टाळू नका. त्याच ओळी वाचून लोक फोन करतात.

वस्तू घ्यायच्याच, पण रोज लागणाऱ्या घ्या. मार्केट यार्डातले एक गुळाचे व्यापारी आम्हाला महिन्याचा गूळ देतात, लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानातून शेंगदाणे येतात. त्यांना पावती आणि वर्षातून एकदा मुलांनी काढलेली चित्रं पोचतात. खाऊचा रोख खर्च त्यामुळे बराच खाली आला.

मानधन मागायचं कसं, याचं एक उदाहरण सांगते. शिवाजी उद्यमनगरातल्या एका कारखानदारांकडे गेले होते. त्यांनी बसायला सांगितलं आणि लगेच विचारलं, "ताई, दप्तरं किती लागतील?" मी म्हटलं, दप्तरं नकोत, आमच्या कार्यकर्तीचं मानधन द्या. ते काही बोलले नाहीत. मी त्यांना एका संध्याकाळी वर्गावर यायला सांगितलं. आले, शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभे राहिले. हजेरी चालू होती. एक नाव आलं, उत्तर नाही. मागून एक पोरगी म्हणाली, "ती पाण्याला गेलीया, आज पाणी उशिरा आलंय." कार्यकर्तीने हजेरीची वही एका मोठ्या मुलीच्या हातात दिली, नळावर गेली, त्या पोरीबरोबर रांगेत उभी राहिली, एक घागर स्वतः उचलली, घरी पोचवली आणि तिला घेऊन परत आली. साहेब सगळं बघत होते. जाताना म्हणाले, "ह्याचा पगार मी देतो." तेव्हापासून दर महिन्याला चेक येतो. पत्रक छापण्यापेक्षा असं बोलावणं कितीतरी उपयोगी पडतं. मात्र माणूस एकटा यावा, घोळका आणि कॅमेरा नको.

दरमहा देणाऱ्यांनंतर पैसे मागायची दुसरी जागा म्हणजे सहकारी संस्था. आपला जिल्हा सहकाराचा आहे: बँका, पतसंस्था, दूध संस्था, साखर कारखाने. नफावाटणीत धर्मादाय कामासाठी रक्कम काढायची पद्धत बऱ्याच संस्थांत आहे. लोक अर्ज देतात, पण चुकीच्या वेळी देतात. वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि सभेपुढे काय ठेवायचं ते संचालक मंडळाच्या बैठकीत त्याआधीच ठरतं. म्हणून अर्ज मे-जूनमध्ये गेला पाहिजे. दिवाळीच्या तोंडावर गेलात तर कॅलेंडर आणि मिठाईचा बॉक्स मिळेल. तुमच्या भागात राहणारा संचालक शोधा, अर्ज त्याच्या हातात द्या, आणि रक्कम मोघम न ठेवता "एका वर्षाचा खाऊ" किंवा "प्रशिक्षकाचं सहा महिन्यांचं मानधन" अशी मागा.

तिसरी जागा तालमी आणि तरुण मंडळं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ यांच्या फुटबॉल संघांचे सामने बघायला उसळणारी गर्दी तुम्हाला माहीत आहे. या गावात फुटबॉल शिकवणारा शोधायला लांब जावं लागत नाही. तालमीकडून पैशापेक्षा तीन गोष्टी मागा: आठवड्यातून एक सकाळ मैदान, वापरलेले पण धड चेंडू, आणि शिकवायची आवड असलेला एखादा जुना खेळाडू. चालू हंगामातला खेळाडू शक्यतो नको, स्पर्धा लागल्या की तो महिनाभर दिसणार नाही आणि त्यात त्याची चूकही नाही. मंडळांना गणेशोत्सवाच्या वर्गणीतून थोडा वाटा मागता येतो. त्यांच्या वर्षाच्या अहवालात तुमच्या वर्गाची एक ओळ आली की पुढच्या वर्षी मागावं लागत नाही.

जागेचं म्हणाल तर वस्तीजवळच्या महापालिका शाळेची एक खोली आणि पटांगण संध्याकाळी मिळू शकतं. अर्ज मुख्याध्यापकांच्या शिफारशीसह महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीकडे करायचा. कागदी परवानगी दर जूनला नवी करून घ्या, मुख्याध्यापक बदलले की जुन्या शब्दाला अर्थ राहत नाही. किल्ली कुणाकडे आणि दिवा कोण मालवणार, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. आमचे निम्मे बंद पडलेले दिवस किल्लीवरून गेलेत. दसरा चौकाच्या आसपासच्या बोर्डिंगांनाही विचारून बघा. १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून १९०८ च्या मिस क्लार्क बोर्डिंगपर्यंत राजर्षी शाहूंनी वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांना हात दिला, तो नेमका या प्रश्नासाठी होता: शाळा आहे, पण शाळेबाहेरच्या वेळेत पोराला जागा कुठे? या संस्थांच्या विश्वस्तांना हा धागा सांगितला तर दार लवकर उघडतं.

आता नोंदणी. आत्ताच नवी संस्था काढू नका, असं माझं मत. आपल्याकडे सोसायटी म्हणून १८६० च्या कायद्याखाली नोंदवायचं तर किमान सात सभासद लागतात, त्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद, मग पॅन, बँक खातं, दर वर्षी हिशोबतपासणी, आयकराचं विवरण. तुम्ही दोघंच उरला आहात. पहिलं वर्ष कागदात जाईल आणि वर्ग बंद पडेल. त्यापेक्षा आधीच नोंदलेल्या चांगल्या संस्थेचा उपक्रम म्हणून काम करा. ती तालीम असू शकते, एखादं वाचनालय, एखादं शिक्षण मंडळ.

संस्था निवडताना चार गोष्टी मागून बघा. तिच्या घटनेच्या उद्देशात शिक्षण किंवा क्रीडा आहे का. मागच्या तीन वर्षांचे हिशोब तपासून दाखल झालेत का. विश्वस्त बदलल्याचे चेंज रिपोर्ट मंजूर आहेत का. आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) अशी दोन्ही प्रमाणपत्रं चालू आहेत का. तिसऱ्या गोष्टीकडे लोक काणाडोळा करतात. चेंज रिपोर्ट अडकलेले असले की बँक सह्या बदलून देत नाही आणि आलेला पैसा खात्यातच पडून राहतो. सगळं ठीक असेल तर एक पानाचा करार करा: तुमच्या उपक्रमाचं वेगळं खातं किंवा निदान वेगळी खातेवही, खर्चाचा निर्णय कुणाचा, संस्था किती टक्के ठेवणार. नोंदणी नसताना तुमच्या खाजगी यूपीआयवर वर्गणी गोळा करू नका. धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी घ्यायची तर वर सांगितलेल्या १९५० च्या कायद्याचं कलम ४१ क लागू होतं. गणेश मंडळं दर वर्षी जी परवानगी काढतात ती याच कलमाखाली.

असं काम दोन-तीन वर्षं नीट चाललं, मुलं वाढली, तुमच्यासारखे आणखी पाच-सात जण जोडले गेले, तर स्वतःची संस्था काढायला हरकत नाही. तेव्हा तिची गरजही पडेल.

८०जी बद्दल देणगीदाराशी सरळ बोला. २,००० रुपयांवरची रोख देणगी करसवलतीला चालत नाही, म्हणून चेक किंवा ऑनलाइनच घ्या. ज्यांनी नवी करप्रणाली निवडली आहे त्यांना ही सवलत मिळतच नाही. आजकाल नोकरदारांतले बरेच त्यातच आहेत. तेव्हा ३०० रुपये देणाऱ्याला सवलतीचं गाजर दाखवण्यात अर्थ नाही. त्याला मुलांचं सांगा.

सीएसआरचं गणित असं. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहतींत अशा कंपन्या आहेत, पण बहुतेक फाउंड्री आणि मशीनशॉप त्या मर्यादेच्या खाली आहेत. तिथे मालक स्वतःच्या खिशातून देतो, आणि त्याला अर्ज नको, ओळख हवी. कंपनीने बाहेरच्या संस्थेमार्फत सीएसआर खर्च करायचा तर त्या संस्थेला १२ए, ८०जी, सीएसआर-१ क्रमांक (सीएसआरची कामं घेण्यासाठी सरकारकडे केलेल्या नोंदणीचा) आणि साधारणपणे तीन वर्षांचं काम लागतं. म्हणजे नवी संस्था काढून लगेच सीएसआर मिळेल ही आशा सोडा. जुन्या संस्थेमार्फत गेलात तर शक्य आहे. एप्रिल ते जूनमध्ये वर्षाचे बेत ठरतात तेव्हा भेटा. फेब्रुवारी-मार्चमध्ये काही कंपन्यांचे पैसे उरलेले असतात, तेही मिळतात, पण ते "३१ मार्चच्या आत खर्च दाखवा" अशा घाईने येतात आणि वस्तूंवरच जातात. सीएसआरकडून मी नेहमी तीन वर्षांचं वचन मागते, रक्कम कमी असली तरी चालेल.

सरकारी पैशाबद्दल थोडक्यात. आमदार-खासदार निधी टिकाऊ कामांसाठी असतो, त्यातून मानधन किंवा खाऊ होत नाही. पटांगणाला दिवे, शेड, मुलींसाठी स्वच्छतागृह यासाठी तो जरूर मागा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या क्रीडांगण आणि व्यायामशाळेच्या अनुदानाचंही तसंच. सरकारकडून वर्गाला पैसा आणण्यापेक्षा मुलांच्या घरी योजना पोचवणं मला जास्त मोलाचं वाटतं. वडील वारलेले किंवा घर सोडून गेलेले, अशी मुलं तुमच्या तिसात असणारच. बालसंगोपन योजनेत पात्र मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे. कामाला लावायचं म्हणून ज्या मुलीला वर्गातून काढलं जाणार असतं, तिच्या घरात हे पैसे आले की ती थांबते. ताईच्या कामात या अर्जांचाही वेळ धरा.

परदेशातल्या मित्रांचं तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. परदेशात राहणारा पण भारतीय नागरिक असलेला माणूस बँकेमार्फत स्वतःच्या कमाईतून देणगी देऊ शकतो. ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं तरी, त्याची देणगी कायद्याने परकीय ठरते आणि परकीय देणग्यांच्या कायद्याखालच्या, म्हणजे एफसीआरए, नोंदणीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. देणाऱ्याला तसं विचारायला संकोच करू नका, आणि उत्तर लिहून ठेवा.

हे सगळं वस्तीवर बरंच अवलंबून आहे, तेही सांगते. तुमची वस्ती कायमची आहे म्हणून अकरा महिन्यांचं गणित मांडलं. वीटभट्टीवरची किंवा ऊसतोड कामगारांची मुलं असती तर सगळा खर्च हंगामाच्या सहा महिन्यांत करावा लागला असता, आणि दरमहा देणाऱ्यांना हे आधीच समजवावं लागलं असतं. मोठ्या मुली जास्त असतील तर वेळ बदलावी लागेल. आमच्याकडे मुलींची गळती संध्याकाळी सहा वाजताच्या वर्गात जास्त होती. एका आईने सरळ विचारलं, "ताई, तवा चुलीला कोण बसायचं?" मुलींचा वर्ग साडेचारला आणला, तशा त्या टिकल्या. पालकांकडून फी घ्यावी का, यावर या कामातल्या लोकांची दोन मतं आहेत. मी घेत नाही. एका घरातली तीन भावंडं असली की दहा रुपयेसुद्धा आड येतात, आणि मग धाकटीला घरी ठेवलं जातं.

देणगीदार कितीही मोठा असो, काही गोष्टींवर तडजोड नाही. मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं. प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी संमती. नवीन प्रशिक्षकाची पोलिस पडताळणी. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याची तोंडओळख तुम्हाला आणि ताईला हवीच. मुलांच्या गरिबीचे फोटो कुठेही टाकायचे नाहीत. वाढदिवसाला वडापाव वाटायला येणाऱ्यांना मी नम्रपणे सांगते, त्यांच्या नावाने एक आठवड्याचा खाऊ द्या, तो आमची ताई वाटेल. आपल्या मुलांनी रांगेत उभं राहून अनोळखी माणसाच्या हातून घ्यायची सवय लावून घेऊ नये, याची काळजी आपणच करायची आहे.

आता ते तीस किट. घ्या, पण आधी पत्र लिहा. पत्रात तीन मुद्दे ठेवा. पहिला, बुटांची मापं आम्ही कळवू. कंपनीने एकाच मापाचे बूट आणले तर निम्मे पायात जात नाहीत आणि आठवड्यात विकले जातात. दुसरा, वाटपाचा कार्यक्रम स्टेज आणि हारांशिवाय, वर्गाच्या नेहमीच्या वेळी, मैदानावर होईल. अधिकारी मुलांबरोबर अर्धा तास खेळतील, आणि एकच फोटो निघेल तो सगळ्यांचा एकत्र. तिसरा आणि महत्त्वाचा: किटच्या रकमेइतकीच रक्कम प्रशिक्षकाच्या मानधनासाठी द्यावी, ज्या संस्थेशी तुम्ही जोडले जाल तिच्या खात्यावर. तीस किटचा खर्च हजार रुपयांच्या हिशोबाने धरला तरी ३०,००० होतात, म्हणजे प्रशिक्षकाचे पाच महिने. कंपनी नाही म्हणाली तरी किट घ्या आणि आभार माना. पण प्रश्न एकदा कागदावर विचारलेला असू द्या. त्यांचा मनुष्यबळ विभाग पुढच्या एप्रिलला बेत आखायला बसेल तेव्हा तुमचं पत्र फाइलमध्ये असेल.